करडई, जवस आणि कोठा

दिवाळीच्या आधी आठ दिवस कोणत्याही मराठी घरात डोकावावे, एक वाद ऐकू येतोच : यंदाचे तळण कशात काढायचे? सासूबाई म्हणतात शेंगदाण्याचे तेल, सूनबाई म्हणतात सूर्यफुलाचे, घरातला एखादा शहाणा मुलगा वर्तमानपत्रातले कात्रण वाचून दाखवून दोघींनाही घाबरवतो, आणि शेवटी दुकानात जे स्वस्त असेल त्याचाच डबा घरात येतो. या वादाला इतिहास आहे. तो बखरीत सापडत नाही, कारण बखरकारांनी लढायांची आणि तहांची नोंद ठेवली, कढईची ठेवली नाही. मराठवाड्यापुरते बोलायचे तर गेल्या शंभर वर्षांत आमच्यावरच्या राजवटी जितक्या वेळा बदलल्या, त्याहून अधिक वेळा आमच्या कढईतले तेल बदलले. राजवटींचा इतिहास शाळेत शिकवतात. तेलाचा मी येथे सांगणार आहे, आणि तो सांगताना आतड्यांविषयी बोलणे भाग आहे. ऐन सणात हा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये. कोणाच्या चकलीवर बंदी घालण्याचा माझा मुळीच विचार नाही.

माझे गाव शिरूर अनंतपाळ. घरणी नदीच्या खोऱ्यातले, काळ्या जमिनीचे. निजामाच्या अमदानीत आमचा निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता; १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो उस्मानाबादेत आला, १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातुरात गेला, आणि १९९९ साली शिरूरचाच स्वतंत्र तालुका झाला. गाव जागेवरून हलले नाही, पत्ता मात्र तीनदा बदलला.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या काळात, आमच्या शिवारात रब्बीला ज्वारी आणि हरभरा, आणि त्यांच्या कडेने करडई. करडई काटेरी, जनावर तिच्यात तोंड घालीत नाही. त्यामुळे ती एकाच वेळी पीकही होती आणि कुंपणही. तिची काढणी पहाटे करायची, दवाने काटे मऊ पडलेले असतात तोवर. ऊन चढले की हाताला फडकी गुंडाळूनही निभाव लागत नसे. ज्वारीच्या मध्ये काही तास जवसाचे असत. जवस फुलला की काळ्या रानात निळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसत. तीळ, कारळे आणि भुईमूग ही पावसाळ्यातली पिके. यांपैकी भुईमूग हा दूरचा पाहुणा, दक्षिण अमेरिकेतला. पण तो इतका घरचा झाला की आज शेंगदाण्याच्या कुटाशिवाय मराठी भाजीची कल्पना करवत नाही.

करडई तेल्याच्या घाण्यावर जाई. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर फिरे, संध्याकाळी तेल आपले आणि पेंड जनावरांची. जवस मात्र आमच्या घरी घाण्यावर जात नसे. विदर्भात जवसाचे तेल स्वयंपाकाला वापरीत. आमच्याकडे जवस तव्यावर भाजून, लसूण-मीठ-तिखट घालून उखळात कुटायचा. ब्रिटिश अमदानीत मुंबई बंदरातून पुष्कळसा जवस विलायतेला जाई, तिकडे रंग आणि रोगण करण्यासाठी. साहेबाच्या दारा-खिडक्यांना तो चकाकी आणी. आमच्या भाकरीवर त्याची चटणी होई.

आणि तूप? त्याविषयी हल्ली फार गोड गोड लिहिले जाते, म्हणून स्पष्ट सांगतो. जुन्या काळी घरोघरी तुपाची धार होती, ही कथा खात्यापित्या वाड्यांपुरती खरी. आमच्यासारख्या घरांत लोणी कढवून तूप आठवडी बाजारात जाई, आणि घरात राही ते ताक. तूप सणाला, बाळंतिणीला आणि पाहुण्याला. तेलसुद्धा नवटाकाने मोजून येई. नव्या सुनेचा हात फोडणीला जरा सैल पडला की आजी चुलीपाशी बसून म्हणे, "अगं, तेल वतायलीस का पाणी?" तळण वर्षातून चार-सहा वेळा. एरवी तेल दिसे ते कच्चे, चटणीच्या खळग्यात बोटभर.

त्या पानाचे संपूर्ण रूप पाहायचे असेल तर लातूरकडच्या वेळ अमावस्येला शेतात यावे. आम्ही तिला येळवस म्हणतो. गावेच्या गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली की जेवणाला भज्जी, म्हणजे सगळ्या कोवळ्या शेंगादाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र भाजी; बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि माठातली आंबील. ज्वारीचे पीठ आणि ताक एकत्र करून आंबवलेले हे पेय थंडीच्या दिवसांतही लोक तांब्याने पितात. या जेवणात डाळी आहेत, कोंडा आहे, आंबवलेले ताक आहे, तीळ आहे. हे मी मुद्दाम मोजून सांगतो, कारण पुढे याच गोष्टी परदेशी शास्त्रज्ञांच्या तोंडून ऐकायच्या आहेत.

करडईची कुंडली मात्र मोठी विचित्र. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हितकर आणि अहितकर पदार्थांची एक प्रसिद्ध यादी आहे. त्यात वनस्पतींच्या तेलांमध्ये तिळाच्या तेलाला पहिला मान दिला आहे, आणि कुसुंभाचे, म्हणजे आपल्या करडईचे तेल सर्वांत अहितकर ठरवले आहे. आमच्या पूर्वजांनी हा शास्त्रार्थ कधी ऐकला नसावा, किंवा ऐकून कोरडवाहू रानाकडे पाहिले असावे आणि करडईच पेरली असावी. ताकाविषयी मात्र चरक आणि आमची आजी यांचे एकमत होते : कोठा बिघडला, संग्रहणी लागली, तर ताक.

आता जरा दूर, निलगिरीच्या डोंगरात जाऊ. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा एक सरकारी डॉक्टर प्रयोगशाळा चालवीत असे. हीच संस्था पुढे १९५८ साली हैदराबादला आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. मॅककॅरिसनने आधी माकडांना निकस अन्न देऊन पाहिले. त्यांची आतडी सुजली, कोणाला हगवण लागली, कोणाला व्रण झाले. पोटाचा विकार म्हणजे केवळ जंतूंचा उपद्रव नव्हे, पानात काय पडते त्याच्याशी त्याचा संबंध आहे, हे त्याने १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यानंतर त्याने हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातले. शीख जेवणावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचे झाले, पठाणी जेवणावरचे २३० ग्रॅमचे, आणि तिसरा क्रमांक मराठी जेवणाचा, २२५ ग्रॅम. कानडी १८५ वर, मद्रासी १५५ वर. शेवटच्या गटात फुप्फुसांचे आणि पोटाचे विकार अधिक होते.

मराठी माणसाने यावर मिशीला पीळ द्यावा हे स्वाभाविक आहे. पण मराठी पान म्हणजे कोणाचे पान? १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या बाया-माणसांनी खडी फोडून सुकडीवर दिवस काढले. ते पान कुन्नूरच्या पिंजऱ्यात नव्हते. तरीही एक गोष्ट मॅककॅरिसनच्या प्रयोगातून निघते. त्याने एकेका पदार्थाला दोषी धरले नाही, सबंध पानाची परीक्षा केली. पुढच्या पिढीतले संशोधक हे विसरले आणि एकेका तेलावर खटले भरू लागले.

पहिला मोठा खटला वनस्पती तुपाचा. द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवण्याची युक्ती जर्मनीत १९०२ च्या सुमारास निघाली. हॉलंडहून असले तूप हिंदुस्थानात येऊ लागले, पुढे मुंबईत शिवडीला कारखाना निघाला आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. ताडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा आमच्या गावातही शिरला. रिकामा डबा धान्य ठेवायला, तुळस लावायला, पाणी भरायला. स्वातंत्र्यानंतर लगेच ठाकूरदास भार्गव यांनी संसदेत त्यावर बंदीचे विधेयक आणले, देशभर चर्चा माजली, समित्या बसल्या, आणि हे तूप निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा मिळाला. एक गंमत मात्र झाली. साजूक तुपात वनस्पती मिसळली तर ओळखावी कशी? सरकारने नियम केला की वनस्पतीत थोडे तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनाने लाल रंग येतो, म्हणून भेसळ उघडी पडते. चरकाने ज्याला पहिला मान दिला त्या तिळाला आपण पोलिसाचे काम दिले!

त्या निर्वाळ्याला १९९० साली तडा गेला, आणि तोही हॉलंडमध्येच. मेन्सिंक आणि काटान या दोन डच संशोधकांनी दाखवले की तेल थिजवताना तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स मेदाला दोन टक्क्यांची मर्यादा आली. तोवर दोन पिढ्यांच्या करंज्या आणि शंकरपाळी डालड्यात होऊन गेल्या होत्या.

दुसरा खटला मुंबईतला, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. रेल्वेचे लाखो नोकर देशभर पसरलेले, पगार-काम सारखे, दवाखान्याच्या नोंदी चोख. त्यांनी त्या नोंदी पिंजून काढल्या. आधी १९६४ साली दाखवले की आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला व्रण दक्षिणेकडच्या नोकरांत पुष्कळ आणि पंजाबकडे थोडा. मग १९६७ साली हृदयविकाराविषयी लिहिले : दक्षिणेत मृत्यूचे प्रमाण उत्तरेच्या सातपट, आणि गंमत अशी की उत्तरेकडचा माणूस कितीतरी पट अधिक स्निग्ध खात होता. पण ते बहुतेक दुधातले, तूप-दही-ताकातले. दक्षिणेकडचे बियांच्या तेलातले. १९७७ साली त्यांनी मुंबईच्या कर्करोग नोंदणीच्या आधाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विचार केला, आणि चोथा, ताक-दही, आणि दुधातली लहान साखळीची मेदाम्ले यांच्याकडे बोट दाखवले.

त्यांचे सगळे अनुमान टिकले असे नाही. व्रणाच्या मुळाशी बहुधा एक जंतू असतो, हे १९८२ साली ऑस्ट्रेलियात उघड झाले आणि त्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. तुपावरच्या त्यांच्या विश्वासावरही अनेकांनी आक्षेप घेतले. पण लहान साखळीच्या मेदाम्लांविषयी त्यांचा रोख पाहून आज आश्चर्य वाटते. तीनच वर्षांनी, १९८० साली, रोएडिगर या संशोधकाने दाखवले की मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरिक आम्ल हेच आहे. हे नाव लोण्यावरूनच पडले, कारण फ्रान्समधल्या शेव्ह्रल यांना ते दोनशे वर्षांपूर्वी लोण्यात सापडले. तुपात ते शेकडा तीन-चार असते. मात्र तूप खाल्ले की ते थेट खाली पोचते, असे समजू नये. ते वरच्या वरच शोषले जाते. मोठ्या आतड्याला मिळणारे ब्युटिरिक आम्ल तिथले जंतू तयार करतात, ज्वारीच्या, डाळीच्या, भाजीच्या न पचलेल्या चोथ्यापासून. येळवशीची भज्जी हे त्या अर्थाने आतड्याचे तूप होय.

याच सुमारास करडईचे भाग्य फळफळले. कोलेस्टेरॉलची धास्ती शहरांत शिरली होती आणि करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल शेकडा पंचाहत्तरच्या घरात, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे. चरकाने तळाला टाकलेले तेल हृदयाचे तेल म्हणून मुंबईच्या दुकानात चढ्या भावाने विकले जाऊ लागले. आणि इकडे शिवारातून ती नाहीशी होत गेली. देशात १९८० नंतरच्या काळात करडई आठ-दहा लाख हेक्टरांवर होती. अलीकडे ती एक लाखाच्याही खाली आली आहे. काट्यांत हात घालायला मजूर मिळेना, सोयाबीन नगदी पैसा देऊ लागले, आणि १९९४ नंतर आयात खुली झाल्यावर मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल इतके स्वस्त आले की घाण्याचा बैल त्याच्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. आज आपल्या देशातले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. तेल स्वस्त झाले, हे गरिबाच्या दृष्टीने वाईट म्हणता येत नाही. पण नवटाकाची जागा पाच लिटरच्या डब्याने घेतली, आणि जवसाची चटणी पानातून उठली तिची तर कोणी विचारपूसही केली नाही.

माझ्या मते खरे नुकसान ते. का, ते सांगतो. मिनेसोटातल्या बर पती-पत्नींनी १९२९ साली उंदरांना मेदरहित अन्न देऊन सिद्ध केले की काही मेदाम्ले शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती खावीच लागतात. त्यांच्या दोन शाखा आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. करडई, सूर्यफूल यांत पहिली भरपूर आणि दुसरी जवळजवळ शून्य. जवसाच्या तेलात दुसरी निम्म्याहून अधिक. दोन्ही शाखा आतड्याच्या अस्तरात जाऊन बसतात आणि त्यांच्यापासून शरीर निरोप पाठवणारी द्रव्ये बनवते : पहिलीपासून बहुधा दाह चेतवणारी, दुसरीपासून शमवणारी. दोघींना लागणारी यंत्रसामग्री एकच, म्हणून एकीची गर्दी झाली की दुसरीला वाट मिळत नाही. युरोपात दोन लाखांवर माणसांचा पाठपुरावा करून २००९ साली असे दिसले की सर्वाधिक लिनोलिक आम्ल खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होते. प्रत्यक्ष रुग्ण १२६च होते, तेव्हा हा शेवटचा शब्द मानू नये.

मग करडई दोषी? २०१२ साली शिकागोच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या दाहाकडे झुकणाऱ्या उंदरांना एका गटाला दुधातले स्निग्ध आणि दुसऱ्याला करडईचे तेल भरपूर दिले. दुधातल्या स्निग्धाने पित्ताची घडण बदलली, पित्तावर जगणारा बिलोफिला नावाचा जंतू माजला आणि आतडी सुजली. करडईच्या गटात तसे झाले नाही. म्हणजे एका कचेरीत करडई आरोपी आणि दुसऱ्या कचेरीत निर्दोष, तुपाचेही तसेच. मात्र त्या उंदरांच्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्निग्धातून येत होता. भातावरच्या चमचाभर तुपाला त्या निकालाने घाबरायचे कारण नाही.

आजीच्या पानाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. दिवसाला चार चमचे, म्हणजे वीस ग्रॅम करडईचे तेल धरले तर त्यात ओमेगा-६ पंधरा ग्रॅम. दहा ग्रॅम जवसाची चटणी, तिच्यात तेल चार ग्रॅम, त्यातले ओमेगा-३ दोन ग्रॅम. प्रमाण साडेसातास एक. चटणी काढून घेतली तर उजवीकडे जवळजवळ काहीच उरत नाही. आणि जवस भाजून कुटण्यातही अर्थ होता. अख्खा जवस आतड्यातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि त्याचे तेल तळणाला लावले तर उष्णतेने बिघडते. दाणा कुटावा, थोडाच कुटावा, लवकर संपवावा, हा तिचा रिवाज रसायनशाळेतही मान्य झाला असता.

आमच्या पश्चिमेला बार्शी आहे. पूर्वी लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने तिकडे जाई. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; बार्शीबरोबर परंडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत कार्यकर्ते घरोघर जाऊन नोंदी करू लागले. परंडा, भूम हे आमच्याच जुन्या जिल्ह्याचे, आता धाराशिवचे. त्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग फार थोडा आढळला, मुंबईहूनही कमी. याचे श्रेय एकट्या करडईला किंवा जवसाला देणे चुकीचे होईल. भाकरीचा चोथा, अंगमेहनत, सगळेच त्यात आले, आणि खेड्यात निदान न होताच गेलेली माणसेही. पण त्या वह्यांतल्या पहिल्या नोंदी घाण्याच्या तेलावर वाढलेल्या पिढीच्या आहेत. पामतेलावर वाढलेली पिढी आता कुठे चाळिशीकडे येते आहे.

फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडई केव्हाच तयार केली, परभणीच्या कृषी विद्यापीठानेही चांगले वाण दिले. लातुरात हल्ली लाकडी घाणे पुन्हा दिसतात. बैलाऐवजी विजेची मोटर, आणि भाव असा की मध्यमवर्गीय माणूस बाटली हातात घेऊन पुन्हा फळीवर ठेवतो. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने मात्र गेल्या रब्बीत हरभऱ्याच्या भोवती करडईचे चार तास टाकले, आणि तेही जुन्या काटेरी वाणाचे. मी कौतुक करायला गेलो तर तो म्हणाला, "तेलासाठी कुठलं काका, रानडुकरं यायलीत." मार्चमध्ये पहाटे दवात त्याच्या घरच्यांनी ती काढली. पोतेभर दाणा निघाला. तेल त्याने घरी ठेवले, पेंड म्हशीला गेली, आणि बांधावर पडलेला काटेरी पाचोळा पुढच्या पेरणीपर्यंत कुंपण म्हणून तसाच राहिला.